पाठीला माती लागली की नाही?

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव शहरात महाराष्ट्र केसरी किताबाच्या कुस्त्या झाल्या. या किताबाची पहिली स्पर्धा १९६१ साली मराठवाड्यातच, औरंगाबाद येथे भरली होती. त्यामुळे मराठवाड्यातील एका तुलनेने लहान जिल्ह्याकडे हा मान आला, ही कुस्तीप्रेमींना आनंदाची गोष्ट वाटली तर नवल नाही. अंतिम लढतीत शिवराज राक्षे याने हर्षवर्धन सदगीर याच्यावर मात केली. मात्र या आनंदाला एक विचित्र किनार होती. जेमतेम दहा दिवसांपूर्वी पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे याच नावाच्या किताबासाठी दुसरी स्पर्धा झाली होती आणि तेथे सिकंदर शेख याने याच शिवराज राक्षेला काही सेकंदांतच चीतपट केले होते. संघटनेतील दोन गटांच्या भांडणामुळे महाराष्ट्राला एकाच महिन्यात दोन केसरी लाभले. खरा केसरी कोण? हा प्रश्न आपण कोणाला विचारतो, यावर त्याचे उत्तर ठरू लागले.

संघटनांच्या भांडणात आम्हाला येथे शिरायचे नाही. आम्हाला जो प्रश्न पडतो तो प्रेक्षकांविषयीचा आहे. एकच कुस्ती, एकच उजेड, एकच क्षण. तरीही दोन प्रामाणिक माणसे शपथेवर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. आपल्या पैलवानाचा वा आपल्या संघाचा चाहता अशा वेळी जाणूनबुजून खोटे बोलत असतो, की त्याला खरोखरच तसे दिसते? खिलाडूवृत्तीवर आजवर पुष्कळ उपदेश झाला आहे. पण या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय त्या उपदेशाचा उपयोग थोडाच होतो, असे आमचे मत आहे.

याच वर्षीच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट पाहू. पुण्यात कोथरूड येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचे, म्हणजे धाराशिवच्या अगदी शेजारचे. सिकंदर मोहोळचा, तर महेंद्र मंगळवेढा तालुक्यातील शिरसीचा. लढतीत महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी त्याला चार गुण दिले आणि कुस्तीचे पारडे फिरले. सिकंदरच्या चाहत्यांचे म्हणणे असे की, त्याची पाठ त्या डावात जमिनीकडे गेलीच नव्हती, तेव्हा चार गुण देणे हा अन्याय होता. महेंद्रच्या चाहत्यांना ती पाठ स्पष्ट दिसली होती.

येथे नियम थोडा समजून घ्यावा लागेल. पूर्वीच्या मैदानी कुस्तीत एकच प्रश्न असे: पाठीला माती लागली की नाही? आजच्या गुणांच्या कुस्तीत मात्र त्या आधीचे टप्पेही मोजले जातात. उभ्या प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्यावर ताबा मिळवला तर दोन गुण मिळतात. पण त्याच झटक्यात त्याची पाठ ‘धोक्याच्या स्थितीत’ गेली, म्हणजे पाठीचा जमिनीशी होणारा कोन काटकोनापेक्षा कमी झाला, तर चार गुण मिळतात. शंभर किलोंहून अधिक वजनाचे दोन देह एकमेकांत गुंतून कोसळत असताना डोळ्याचे पाते लवते न लवते एवढ्या वेळात तो कोन ओळखायचा, हे पंचाचे काम. ते किती कठीण आहे याची कल्पना घरी बसून चित्रफीत थांबवून थांबवून पाहणाऱ्याला येत नाही.

त्या चित्रफितीने वाद मिटायला हवा होता. झाले उलटेच. तीच चित्रफीत दोन्ही बाजूंचे लोक आपापला पुरावा म्हणून भ्रमणध्वनीवरून एकमेकांना पाठवू लागले. पंचांना दूरध्वनीवरून धमकी आली व प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. समाजमाध्यमांवर काहींनी त्याला जातीधर्माचा रंग देण्याचाही प्रयत्न केला. एका डावाच्या कोनावरून सुरू झालेली चर्चा माणसाच्या नावापर्यंत आणि कुळापर्यंत जाऊन पोहोचली.

असे का होते, याचा एक जुना आणि फार बोलका अभ्यास आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठीय संस्थांमध्ये फुटबॉलचा सामना झाला. (अमेरिकेतील फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा, धक्काबुक्कीचा खेळ, आपल्याकडचा फुटबॉल तो नव्हे.) सामना फारच धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या सर्वोत्तम खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. त्यानंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांतून आरोपांची झोड उठली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी मग दोन्ही संस्थांतील विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच चित्रफीत दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग नोंदवायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. पडद्यावरचे चित्र एकच होते, आणि मोजणाऱ्यांना फसवून काही मिळणारही नव्हते.

या अभ्यासातील एक प्रसंग तर हसू आणणारा आहे. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याने त्या सामन्यातील गैरप्रकारांविषयी बरेच ऐकले होते. दूरच्या गावी त्याने ती चित्रफीत पाहिली, तेव्हा त्याला त्यातले काहीच दिसेना. चित्रफितीतील महत्त्वाचे भाग कापले गेले असावेत, अशी समजूत करून घेऊन त्याने त्याबद्दल खुलासा मागणारी तार पाठवली! १९५४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष साध्या शब्दांत असा, की सामना ‘तिकडे’ मैदानावर घडतो आणि आपण तो फक्त पाहतो, असे नसते. आपण ज्या बाजूचे असतो ती बाजू पाहण्याच्या क्रियेतच मिसळलेली असते.

म्हणजे चाहता बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला तसेच दिसलेले असते. ही गोष्ट मान्य केली की दोन गोष्टी बदलतात. समोरचा माणूस लबाड आहे हा आपला पहिला निष्कर्ष गळून पडतो. त्याहून अवघड म्हणजे, ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ हे आपले शेवटचे शस्त्रही बोथट होते.

पंच तरी या नियमातून सुटतो काय? पूर्णपणे नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस फुटबॉल पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर सिटी यांच्या सामन्यातील चेंडूसाठीच्या सत्तेचाळीस झटापटी दाखवण्यात आल्या. काहींना प्रेक्षकांच्या आरडाओरड्यासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले. पुढे २०२० साली करोनाच्या काळात युरोपात रिकाम्या मैदानांवर सामने खेळवले गेले, तेव्हाही यजमानांना मिळणारा फायदा घटल्याचे आणि पाहुण्या संघाला दाखवली जाणारी पिवळी कार्डे कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले. पंच विकला गेला, असे आपण रागाच्या भरात सहज म्हणून जातो. खरे तर पुष्कळदा त्याला विकत घेण्याची गरजच नसते. आपला आरडाओरडा त्याचे काम करून टाकतो. आणि त्याच पंचाला दुसऱ्या दिवशी शिव्या घालणारेही आपणच असतो.

आपल्या ग्रामीण परंपरेला हे सारे कोणत्याही प्रयोगशाळेविना ठाऊक असावे, असे यात्रेतील कुस्त्यांच्या रिवाजांकडे पाहून वाटते. धाराशिव, कळंब, परंडा, भूम या भागांत गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा फड भरतो. हलगी कडाडू लागते, लहान मुलांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि दिवस कलता कलता मानाची शेवटची कुस्ती लागते. जोड लावण्यापूर्वी जाणकार दोघांना शेजारी उभे करून उंची, वजन, वय पाहतात. कुस्ती सुरू होण्यापूर्वी मल्ल एकमेकांना हात देतात. निकाल लागत नाही असे दिसले तर कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटले जाते. प्रत्येक गोष्ट भांडणाची शक्यता गृहीत धरून योजलेली आहे. माणसे निःपक्षपाती असतात असा भाबडा विश्वास त्यामागे नाही. ती तशी नसतात हे ओळखूनच तोड काढलेली आहे. बरोबरीचा तर आम्हाला फार मोठा आधार वाटतो. आजच्या स्पर्धांत प्रत्येक लढतीला विजेता हवाच असतो. ज्या कुस्तीत खरोखर निकाल नसतो तिच्यातूनही मग तो ओढून काढावा लागतो.

ही तटबंदी ढासळली की काय होते ते २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे दिसले. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळ याला चीतपटीने विजयी घोषित केले. दोन्ही खांदे गादीला टेकलेच नव्हते, असे शिवराज राक्षेचे म्हणणे होते. वाद वाढला, त्याने पंचांची गचांडी धरली आणि लाथ मारली. त्यानंतर झालेल्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर संतापून वेळ संपण्यापूर्वीच मैदान सोडून गेला. दोघांवरही तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. हा तोच शिवराज, ज्याचा विजय धाराशिवकरांनी सव्वा वर्षापूर्वी आपल्या शहरात पाहिला होता. आणि हा तोच महेंद्र, ज्याच्या चार गुणांसाठी पंचांना २०२३ मध्ये धमकी सहन करावी लागली होती. एका वेळी निर्णय ज्याच्या पारड्यात पडला, तोच दुसऱ्या वेळी त्याच आसनावरच्या माणसावर चिडला.

या प्रकरणानंतर जी चर्चा झाली तिच्यात आम्हाला एक घोटाळा दिसतो. पंचाचा निर्णय चुकला होता की नाही, हा एक प्रश्न. पंचाला लाथ मारणे योग्य की अयोग्य, हा दुसरा. चाहते पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा निकालात काढू पाहत होते. पंच चुकला असे क्षणभर गृहीत धरले तरी लाथेचे समर्थन होत नाही. आणि लाथ निंद्य ठरवली म्हणून चुकीच्या निर्णयाची चौकशी टाळण्याचा अधिकारही संघटनेला मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत यासाठीच तिघा अधिकाऱ्यांची योजना आहे आणि गुणांच्या निर्णयाला आव्हान देण्याची सोयही आहे. आव्हान फेटाळले गेले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. आक्षेप घेण्याची मुभा आहे, पण ती फुकट नाही. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या तरुणाला दाद मागण्याची वाट खुली नसेल, तर केवळ खिलाडूवृत्तीचे धडे देऊन त्याचे समाधान होणार नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

कुस्तीकडून फुटबॉलकडे जाण्यास महाराष्ट्रात फार लांब जावे लागत नाही. कोल्हापुरात हे दोन्ही खेळ एकाच छपराखाली नांदतात. तेथील नामवंत फुटबॉल संघांची नावेच पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. ज्या तालमींत लाल मातीत जोर-बैठका निघत, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धा शाहू स्टेडियमवर होतात आणि स्थानिक सामन्याला हजारोंची गर्दी लोटते. भारतात अशी दृश्ये फार थोड्या गावांत दिसतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. पण येथे संघ म्हणजे पेठ, आणि पेठ म्हणजे घर. मैदानावरचा फाऊल मग घरावरचा हल्ला वाटू लागतो. सामन्यानंतर दोन गट भिडणे, दगडफेक, पोलिसांचा बंदोबस्त, सामने थांबवण्याची वेळ येणे, हे सारे कोल्हापूरकरांनी अनेकदा पाहिले आहे आणि त्याची खंतही तेथील जाणत्यांनीच सर्वांआधी व्यक्त केली आहे.

याचे टोक कोलकात्यात गाठले गेले. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना सुरू असताना दोन खेळाडूंमध्ये चकमक उडाली. तिचे पडसाद गॅलरीत उमटले, हाणामारी व चेंगराचेंगरी झाली आणि सोळा फुटबॉलप्रेमी प्राणास मुकले. मैदानावरच्या दोघांचे भांडण काही क्षणांचे होते. गॅलरीतले लोक त्या दोघांपैकी कोणालाही बहुधा प्रत्यक्ष ओळखत नव्हते. त्यांच्या मृत्यूचे स्मरण कोलकात्यात दरवर्षी रक्तदानाने केले जाते.

आम्हा ख्रिस्ती लोकांना या विषयाकडे परक्याच्या नजरेने पाहता येणार नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा इतिहास आपल्यासमोर आहे. तेथे १८८७ साली सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश मारिस्ट धर्मबंधूंनी पुढाकार घेऊन सेल्टिक या फुटबॉल संघाची स्थापना केली. हेतू अत्यंत साधा होता. उपजीविकेसाठी आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथॉलिक कुटुंबांतील मुलांच्या जेवणासाठी सामन्यांतून पैसा उभा करायचा. मे १८८८ मध्ये सेल्टिकचा पहिला सामना झाला तो रेंजर्स या संघाशी. सेल्टिकने तो ५–२ असा जिंकला आणि सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र जेवले.

पुढे मात्र हाच सामना कॅथॉलिक विरुद्ध प्रोटेस्टंट अशा दुहीचे प्रतीक बनला. रेंजर्स संघात कॅथॉलिक खेळाडू घ्यायचा नाही, हा अलिखित दंडक अनेक दशके पाळला गेला. १९८९ साली मो जॉन्स्टन या कॅथॉलिक खेळाडूला, तोही पूर्वी सेल्टिककडून खेळलेला, रेंजर्सने करारबद्ध केले तेव्हा रेंजर्सच्या काही चाहत्यांनी आपल्या संघाच्या रंगाचे गळपट्टे जाळले. तर सेल्टिकच्या चाहत्यांनी त्याला विश्वासघातकी ठरवले. दोन्ही बाजू निदान एका बाबतीत एकमत झाल्या, असे खेदाने म्हणावे लागेल. भुकेल्या मुलांच्या ताटासाठी जन्मलेल्या संघाच्या नावाने पुढे धर्मद्वेषाची गीते गायली जावीत आणि समोरूनही तशीच गीते यावीत, हे आपल्या धर्मग्रामांतील क्रीडा मंडळांनी विसरू नये असे आहे. कारण सुरुवात तेथेही आपल्यासारखीच, चर्चच्या सभागृहातून झाली होती.

मग यावर उपाय काय? आपल्या संघावरचे प्रेम कमी करा, असे सांगणे व्यर्थ आहे आणि ते योग्यही नाही. ज्याला हरण्याचे दुःख नाही त्याला खेळाची गोडी कसली? उपायाची एक दिशा इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील मार्क लिव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसते. त्यांनी मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना एक-एक करून बोलावले, आपल्या संघाविषयी लिहायला लावले आणि मग दुसऱ्या इमारतीत जायला सांगितले. वाटेत एक धावणारा तरुण घसरून पडतो आणि पाय धरून विव्हळतो, अशी योजना होती. त्याच्या अंगात कधी मँचेस्टरचा सदरा असे, कधी कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा, कधी साधा. मँचेस्टरच्या सदऱ्यासाठी जवळजवळ प्रत्येक जण थांबला. लिव्हरपूलच्या सदऱ्यासाठी दहापैकी तिघेच थांबले. चांगल्या शोमरोन्याचा दाखला ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, त्यांना यरीहोची वाट येथे ओळखू आल्यावाचून राहणार नाही.

पण खरा धडा दुसऱ्या प्रयोगात होता. या वेळी तशाच चाहत्यांना आपल्या संघाविषयी न विचारता फुटबॉलचा चाहता असण्यातील आनंदाविषयी लिहायला सांगितले. मग लिव्हरपूलच्या सदऱ्यातील तरुणासाठीही दहापैकी सात जण थांबले. चाहते पूर्वीसारखेच मँचेस्टरचे होते, त्यांचे प्रेम कमी झाले नव्हते. फक्त ‘आपण’ या शब्दाचे कुंपण थोडे बाहेर सरकले होते. तसे साध्या सदऱ्यातील तरुणासाठी मात्र याही वेळी फारसे कोणी थांबले नाही. कुंपण सरकते, नाहीसे होत नाही, ही गोष्ट प्रयोगकर्त्यांनी लपवली नाही आणि आपणही लपवू नये.

असेच दृश्य ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रस्त्यावर दिसले. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टर महिलेच्या हत्येने शहर हादरले होते. १८ ऑगस्टला होणारा मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही संघांचे, आणि त्यांच्याबरोबर मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही चाहते आपापले झेंडे घेऊन न्याय मागण्यासाठी स्टेडियमबाहेर एकत्र जमले. ज्या दोन रंगांच्या वैरातून १९८० साली सोळा जणांचा बळी गेला, ते रंग एकमेकांच्या खांद्यावर दिसले.

खेळाडूंची जबाबदारी चाहत्यांहून मोठी असते, कारण गॅलरी त्यांच्याकडे पाहून वागते. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडी येथे महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके लढले. दोघेही काका पवार या एकाच वस्तादांचे पठ्ठे. लढत चुरशीची झाली, हर्षवर्धन जिंकला. आणि जिंकताच त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. लातूरच्या चाहत्यांनी त्या क्षणी काय करायचे? ज्याने आपल्या पैलवानाला खांद्यावर घेतले त्याला शिव्या देणे कोणालाही जड जाईल. धाराशिवच्या अंतिम लढतीत हरला तो हाच हर्षवर्धन.

क्रिकेटमधील दोन आठवणीही येथे सांगण्याजोग्या आहेत. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईत इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलर यांना परत खेळायला बोलावले. टेलर यांनी बोथम यांच्यासह मोठी भागीदारी केली आणि भारत सामना हरला. कर्णधाराचे काय चुकले, यावर क्रिकेटरसिक अजूनही वाद घालतात. आमच्या मते काहीच चुकले नाही, हरण्याची किंमत त्यांनी जाणूनच मोजली. दुसरी आठवण १९९९ ची. ३१ जानेवारीला चेन्नई येथे पाकिस्तानने भारताला अवघ्या बारा धावांनी हरवले तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी खेळाडूंना टाळ्यांची मानवंदना दिली. त्यानंतर तीनच आठवड्यांत कोलकात्यात, शोएब अख्तरशी धडक झाल्यावर तेंडुलकर धावबाद ठरला म्हणून एवढा गोंधळ झाला की अखेर प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या मैदानावर सामना संपवावा लागला. संघ तेच होते आणि दोन्ही ठिकाणचे प्रेक्षक भारतीयच होते.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्या बालपणीची एक हकिगत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. पोलंडमधील वादोवित्से गावात शाळकरी मुलांचे फुटबॉलचे सामने कधी कधी कॅथॉलिक विरुद्ध यहुदी असे होत. छोटा कारोल गोलरक्षक होता. यहुदी मुलांकडे गोलरक्षक नसला की तो त्यांच्या बाजूने गोलात उभा राहत असे. त्या काळच्या युरोपात हे लहानसे कृत्य नव्हते. पण मुलांना त्याचे एवढे काही वाटले नसावे. खेळ सुरू व्हायचा तर गोलात कोणीतरी हवे होते.

धाराशिव जिल्ह्याचा स्वतःचा खेळ विचाराल तर तो खो-खो. अर्जुन पुरस्काराच्या मानकरी सारिका काळे याच जिल्ह्यातील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे नेपाळला हरवून पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. पुणे, ठाणे, सांगली यांच्या बरोबरीने या जिल्ह्याचे नाव खो-खोत घेतले जाते आणि त्यामुळे ईर्षाही आहे. खो-खोतही वादाचा मुद्दा पुष्कळदा पाठीचाच असतो. आक्रमकाचा हात लागला की नाही? पंचांना कधी ते दिसते, कधी दोघांच्या आड राहते. पण पळणाऱ्याच्या पाठीला ते सर्वांच्या आधी कळलेले असते. अशा वेळी पंचांकडे न पाहता स्वतःहून मैदानाबाहेर जाणारा खेळाडू आपण पाहिला, तर टाळ्या त्याच्यासाठी वाजवायला हव्यात. मग तो आपल्या संघाचा असो वा नसो.

आपल्या धर्मग्रामांत सणाच्या निमित्ताने युवकांचे सामने होतात. तेथे काही साध्या गोष्टी आजही करता येतील. पंच दोन्ही संघांच्या गावांबाहेरचा असावा, आणि त्याचे नाव सामन्याच्या दिवशी नव्हे तर आधीच, दोन्ही कर्णधारांच्या संमतीने ठरावे. आक्षेप फक्त कर्णधाराने घ्यावा आणि तो कोणापुढे घ्यायचा, किती वेळात घ्यायचा हे कागदावर लिहिलेले असावे. पंचावर नाराज असलेल्या चाहत्याला एकदा लहान मुलांच्या सामन्यात शिट्टी हातात देऊन उभे करावे. दहा मिनिटांत त्याला पुष्कळ काही समजेल. दोन्ही गावांच्या लोकांना शक्यतो समोरासमोर न बसवता मिसळून बसू द्यावे. सामन्यानंतरचे जेवण, ग्लासगोच्या त्या पहिल्या सामन्यासारखे, दोन्ही संघांचे एकत्र असावे. आणि बाहेरगावाहून येणाऱ्या पंचाच्या एसटीच्या भाड्याची व जेवणाची तरतूद आयोजकांनी बक्षिसाच्या रकमेआधी करावी.